झोपलेला विषाणू जागा कसा होतो?

अंथुर्ण्याला नीरा डाव्या कालव्याचे पाणी येते. पाळी आली की आपण उसाला पाणी देतो. पण ते पाणी एकटा ऊस पितो का? सरीतला लव्हाळाही पितो, आणि माजतो. आपल्या रक्तातही असेच घडते. कसे ते पाहू.

रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. रोगजंतू आला की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात आणि लढतात. एचआयव्ही हा विषाणू नेमका या राखणदारांतच शिरतो. त्याला स्वतःहून वाढता येत नाही. पेशीचेच सामान वापरून तो आपल्या नकला काढतो. पेशी निजलेली असली, तर पुष्कळदा तोही आत गुपचूप पडून राहतो.

आता क्षयाचा जंतू घ्या. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने तो १८८२ साली शोधून काढला. तो पुष्कळांच्या छातीत असतो, पण राखणदार त्याला दाबून ठेवतात. तो उठला की पेशी एकमेकींना निरोप धाडतात, 'जाग्या व्हा!' हा निरोप म्हणजे एक द्रव्य बरं का, तोंडचे बोलणे नव्हे. पेशी जागी होते, तिचे काम जोरात चालू होते. त्याच निरोपाने आतला विषाणूही जागा होतो आणि भराभर नकला काढतो. पाणी उसाला दिले, लव्हाळा माजला! त्या नकला दुसऱ्या राखणदारांत शिरतात. राखणदार मरतात. मग क्षयाला रान मोकळे.

पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. या जोडीचा अभ्यास तिथेही झाला.

म्हणून क्षय निघाला की डॉक्टर एचआयव्हीचीही तपासणी करायला सांगतात. त्यात अब्रू जाते, असे काही जण म्हणतात. आम्हाला हे मुळीच पटत नाही. खोकल्याची तपासणी चालते, मग रक्ताने काय पाप केले? आणि ज्याला एचआयव्ही आहे, त्याने साधा खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा घटते वजन दिसले तरी लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तपासणी आणि औषध, दोन्ही फुकट आहेत.

दोन्ही रोग असले तर आधी क्षयाचे औषध सुरू करतात, थोड्या दिवसांनी एचआयव्हीचे. क्षयाचे औषध साधारण सहा महिने चालते, एचआयव्हीचे जन्मभर. गोळ्यांनी लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. त्या भीतीने गोळी सोडू नये.