काय विकायचं नाही?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या मॅनेजमेंटच्या पेपरमधलाच आहे: स्पर्धेत धंद्याने आपली वेगळी जागा कशी धरायची? मी तो मार्कांसाठी पाठ केला होता. समजला तो औशाला, पप्पांच्या किराणा दुकानात.

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८० साली 'कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी' या पुस्तकात तीन वाटा सांगितल्या. आपल्या मेसवरून बघू. पहिली, सगळ्यांपेक्षा कमी खर्चात जेवण बनवायचं. दुसरी, असं काही द्यायचं की पोरं चार पैसे जास्त देतील, उदा. तव्यावरची गरम ज्वारीची भाकरी. तिसरी, ठराविक गिऱ्हाईकच धरायचं, जसं परीक्षेत रात्री जागणाऱ्यांसाठी चहा-पोहे. ज्याच्याकडे धड स्वस्ताई नाही अन् धड चवही नाही, तो मध्येच अडकतो. पुढे १९९६ च्या एका लेखात पोर्टर यांनी यावर जोर दिला की, काय करायचं नाही हे ठरवणं म्हणजेच स्ट्रॅटेजी.

याचं मोठं उदाहरण बजाज ऑटो. या कंपनीचा एक कारखाना आपल्याच मराठवाड्यात, वाळूजला आहे. १९७२ ला आलेल्या चेतक स्कूटरसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबायचे. पण १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल कमी पिणारी ही गाडी लोकांना आवडली आणि हळूहळू गिऱ्हाईक मोटारसायकलकडे वळलं. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली. नुसतं मायलेज न सांगता ताकद आणि रुबाब विकला. पुढे डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करून फक्त मोटारसायकलवर भर द्यायचं जाहीर केलं. वडील राहुल बजाज यांनी याचं वाईट वाटल्याचं उघड बोलून दाखवलं. ज्या वस्तूने घराला नाव दिलं, तीच सोडायची!

फायदा झाला का? बजाजच्या मोटारसायकली आफ्रिका, लॅटिन अमेरिकेपर्यंत पोचल्या. पण इकडे भारतात स्कूटर पुन्हा चालू लागली आणि तो बाजार होंडाच्या अ‍ॅक्टिव्हाने नेला. २०२० मध्ये बजाज इलेक्ट्रिक चेतक घेऊन परत आली. म्हणजे जागा निवडली की काहीतरी गमवावं लागतं, आणि ती निवड कायमची नसते.

आता आमचं दुकान. गावात मोठं मार्ट आलं तेव्हा पप्पांनी साखर, तेल तोट्यात विकायला सुरुवात केली. शिवाय प्लास्टिकच्या बादल्या, कोल्ड्रिंक, वह्या, जे दिसेल ते भरलं. त्या वर्षी माझी हॉस्टेलची फी दोनदा लांबली. पप्पा फोनवर काही बोलत नव्हते, पण मला कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी उधारीची वही घेऊन बसलो.
"काय करायलास रे?" पप्पांनी विचारलं.
"हिशोब. कशात किती उरतं ते."

साखरेत उणेच होतं. उरत होतं ते आजीच्या हातच्या येसर आणि काळ्या मसाल्यात, आणि लग्नाच्या किराण्यात. खेड्यातले लोक यादी घेऊन यायचे, कारण किती पानांना किती डाळ लागते हे पप्पांना तोंडपाठ! मार्टमध्ये हे सांगणारं कोणी नाही. मी म्हटलं, बाकीचं सोडा. पप्पा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. भरलेलं दुकान रिकामं करायचं म्हणजे माणसाला हरल्यासारखं वाटतं, हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

शेवटी बादल्या, कोल्ड्रिंक गेलं. विक्री कमी झाली, शिल्लक थोडी वाढली. सगळं सुरळीत झालं असं नाही. पाऊस गेला, सोयाबीन गेलं की उधारी आजही अडकते. पण या सेमिस्टरची फी वेळेवर आली.

परवा फोन केला तर मागून पप्पांचा आवाज येत होता. ते एका गिऱ्हाईकाला सांगत होते, "साखर तिकडं मार्टमधून घ्या, स्वस्त हाय. येसर तेवढा इथून न्या."