भाड्याने घर घेण्यापूर्वी

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत घर भाड्याने घेण्याची रीत अजून जुनीच आहे. ओळखीचा माणूस, कपभर चहा, हातात डिपॉझिट आणि जबान. जबान ही मोठी चीज आहे, पण जबान देणारा उद्या हयात नसला तर त्याच्या वारसांना काय दाखवणार? कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावड्यात आम्ही हा धडा स्वतः घेतला. मालक सज्जन होते. 15,000 रुपये त्यांच्या हातात दिले, पावती मागायला लाज वाटली. दोन वर्षांनी त्यांचा इंतकाल झाला. मुलांना डिपॉझिटची खबरच नव्हती, आणि त्यांना खोटे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

डिपॉझिट हे मुदतीने परत करायचे देणे होय. अशा देण्याघेण्याचा मामला लिहून ठेवावा, साक्षीदार करावेत, असा आदेश कुरआन मजीदमध्ये सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत आहे. तेव्हा कागद मागणे म्हणजे मालकावर अविश्वास, ही समजूत आधी काढून टाकावी.

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. 11 महिन्यांचा कागद स्टॅम्पवर करून नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले, असे पुष्कळ लोक मानतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पण त्या भरवशावर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला कोणत्या दुकानदाराला सवड आहे? भाड्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे.

मात्र हा कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या आणि सरकारने जाहीर केलेल्या क्षेत्रांनाच तो लागू होतो. आपले गाव त्यात येते का, हे वकिलाला आधी विचारावे. येत नसेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो. त्यात वेगळे काही ठरलेले नसेल तर भाडे महिन्याचे धरतात आणि 15 दिवसांच्या नोटिशीने जागा सोडावी लागते. उत्पादनासाठी घेतलेल्या जागेला हीच नोटीस 6 महिन्यांची आहे, पण तो फायदा मिळायचा तर कागद नोंदलेला हवा.

आमच्या शिवणकाम करणाऱ्या भावांनी येथे जास्त लक्ष द्यावे. करारात ‘राहण्यासाठी’ एवढेच लिहिले आणि घरात चार मशिनी लावल्या, तर अटीचा भंग झाला म्हणून मालकाला कारण मिळते. मशीन चालणार, माल राहणार, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. लायसन्सची मुदत संपल्यावरही राहत्या घराचा ताबा सोडला नाही, तर 1999 च्या कायद्यात दुप्पट भाड्याची भरपाई आहे.

मोठे डिपॉझिट देऊन बिनभाड्याने राहण्याची पद्धत शहरांत चालते. कर्जावर मिळणारा हा फायदा अनेक उलेमा नाजायज मानतात. आपल्या आलिमांना विचारूनच त्यात पडावे.

राहिले घर. गगनबावडा करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावर आहे, पाऊस विचारू नका. तेथे मे महिन्यात घर पाहून ठरवू नये. नवा रंग दिला असेल तर तो कशासाठी, हे शेजाऱ्याला विचारावे. कापडाच्या ताग्याला ओलीचा डाग पडला की माल निम्म्यानेही जात नाही. पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवावा, कौलांखालचे वासे पाहावेत. छप्पर कोण शाकारणार तेही करारात यावे, कारण 1882 च्या कायद्यात तसे ठरलेले नसेल तर दुरुस्तीची सक्ती मालकावर नाही. आपण स्वतः बसवलेल्या फळ्या आणि कपाटे मात्र ताबा असेपर्यंत काढून नेता येतात. त्यांची यादी करून मालकाची सही घ्यावी, आणि त्याच कागदावर विजेच्या मीटरचा आकडाही टाकावा.