मांजराचें हृदय बंद पडलें असतां

गतवर्षीं पावसाळ्यांत आमच्या गोठ्यांतील मांजरीस विजेच्या तुटक्या तारेचा धक्का बसला. आम्हीं मुख्य बटण बंद केलें. पण मग तिचे पाय चोळले, नाकाशीं कांदा धरला, शेजाऱ्यांस हांका मारल्या. त्या धांदलींत पांच मिनिटें गेलीं आणि मांजरीही गेली. धान्याच्या कोठारास मांजराचा केवढा आधार असतो, हें वाचकांस सांगणें नको. म्हणून पुढें पशुवैद्यांकडून समजून घेतलें, तें येथें देतों.

हृदय थांबल्यावर कांहीं मिनिटांतच मेंदूस कायमची इजा होऊं लागते. सबब हालवूनही मांजर शुद्धीवर येत नसेल व श्वास चालत नसेल, तर नाडी शोधीत न बसतां छाती दाबूं लागावें. पशुवैद्यांच्या 'रिकव्हर' नामक उपक्रमानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या व २०२४ सालीं सुधारलेल्या नियमांचें सार हेंच आहे.

मांजर कुशीवर निजवावें. पुढचा पाय दुमडला असतां कोपर जेथें छातीस टेकतें, तेथेंच आंत हृदय असतें. त्या जागीं एका बाजूस आंगठा व दुसऱ्या बाजूस बोटें, असा छातीस हाताचा विळखा घालून ती एक तृतीयांश ते निम्मी दबेल इतकी दाबावी व प्रत्येक वेळीं पुरती फुगूं द्यावी. वेग मिनिटास १०० ते १२०. तीस वेळां दाबल्यावर तोंड मिटून धरून नाकावाटे दोन फुंकर द्याव्या. छाती किंचित् उचलली कीं पुरे. दोन मिनिटांनीं दाबणारा बदलावा, कारण थकलेला हात खोल दाबीत नाहीं. मात्र मांजरानें उंदरांची काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाईड, खाल्ल्याचा संशय असेल तर फुंकर मुळींच देऊं नये. पोटांतून निघणारा वायु माणसासही घातक आहे.

यश थोडें, हें लपवीत नाहीं. दवाखान्यांतही हृदय थांबलेल्या शंभर मांजरांपैकीं बहुधा दहाही घरीं परतत नाहींत. शस्त्रक्रियेच्या गुंगींत थांबलेलीं त्या मानानें अधिक वांचतात.

हृदय पुन्हां चालूं झालें तरी तें परत थांबण्याचें भय असतें, म्हणून तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. पुरती शुद्ध येईपर्यंत दूधपाणी तोंडांत ओतूं नये. तें फुफ्फुसांत जातें. चुलीपाशीं शेकणेंही नको. कांहीं मांजरांस आरंभीं दिसत नाहीं. पुष्कळदां दृष्टि मागाहून येते, तेव्हां लगेच निराश होऊं नये. विजेच्या धक्क्यानें तर कांहीं तासांनींही फुफ्फुसांत पाणी सांठतें. मांजर तोंड उघडून धापा टाकूं लागलें, तर रात्र असली तरी वैद्यांस उठवावें.