जेवण नको म्हणणारी मुलगी

काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या बारावीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, हिची भूकच मेली आहे, चांगलं टॉनिक द्या." मुलगी हाडकली होती, पाळी चार महिने बंद होती. मी लोहाच्या गोळ्या व टॉनिक लिहून दिले. ती माझी चूक होती. तिची भूक मेली नव्हती. वजन वाढेल या भीतीने ती भूक मारत होती.

या आजाराला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात. दुसरा प्रकार 'बुलिमिया'. त्यात रुग्ण भराभर खूप खातो व नंतर घशात बोटे घालून ओकतो किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतो. त्याचे वजन बहुधा नेहमीसारखेच असल्याने घरच्यांना पत्ता लागत नाही. हे आजार मुलग्यांनाही होतात.

कारण एकच नसते. आनुवंशिकता, सगळे अचूकच हवे असा स्वभाव, 'जाडी' म्हणून चिडवणे, अभ्यासाचा ताण, पडद्यावरच्या सडपातळ देहांशी तुलना, असे अनेक धागे गुंततात. त्यामुळे आईवडिलांना दोष देऊ नये.

शिवाय उपासमार स्वतःच मन बिघडवते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते चिडचिडे व उदास झाले, माणसांत मिसळेनात, आणि सतत अन्नाचाच विचार करत पाककृतींची पुस्तके वाचू लागले! म्हणून "आधी मन ठीक होऊ दे, मग जेवेल" हे म्हणणे चूक. पोषण आणि मानसोपचार बरोबरच हवेत.

वजन झपाट्याने घटणे, पाळी थांबणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघर गाठणे, चारचौघांत जेवण टाळणे, ही लक्षणे दिसल्यास थांबू नका. वारंवार ओकल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मात्र फार खंगलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

त्या मुलीला महिन्याभराने पुन्हा आणले, तेव्हा मी टॉनिकऐवजी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. सावरायला दोन वर्षे लागली. पालकहो, ताटावरून रागावण्यापूर्वी शेजारी बसून एकदा विचारा, "बाळा, कसली भीती वाटते?"