दोन्हीकडे आय-७, मग फरक कशाचा?

प्रश्न : मुलीला व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक घ्यायचा आहे. पाहिलेला लॅपटॉप आणि डेस्कटॉप, दोन्हींत तेराव्या पिढीचा इंटेल आय-७ आहे. वेग सारखाच मिळेल ना?

उत्तर : नाही. आय-७ हे नुसतं घराण्याचं नाव. पुढचा आकडा आणि अक्षर वाचा. डेस्कटॉपच्या १३७०० मध्ये १६ कोअर, त्यांतले ८ वेगवान. पातळ लॅपटॉपमधल्या १३५५यू मध्ये १०, वेगवान फक्त २. मूळ वीजमर्यादाही ६५ वॅटऐवजी १५ वॅट. त्यात उष्णता बाहेर पडायला जागा कमी, म्हणून लांबलचक रेंडरिंग सुरू झालं की प्रोसेसर वेग उतरवतो. टायपिंगला हा फरक जाणवणारही नाही. संगणक रोज सोबत न्यायचा नसेल तर डेस्कटॉपच घ्या. न्यायचाच असेल तर ‘एच’ अक्षराचा प्रोसेसर मागा.