एकच पृष्ठ, निरनिराळे ब्राउझर

छापील पुस्तकाचे पृष्ठ छापखान्यातच कायमचे ठरून जाते. ते नागपुरात उघडले काय आणि गुवाहाटीत उघडले काय, ओळ तेथेच संपते व चित्र तेथेच बसते. वेबवरील पृष्ठाचे तसे नाही. सर्व्हरकडून वाचकाच्या यंत्राकडे येतो तो मजकूर आणि तो कसा मांडावा ह्याविषयीच्या आज्ञा. त्या आज्ञा वाचून पडद्यावर पृष्ठ रचण्याचे काम ब्राउझर करतो. जणू प्रत्येक वाचकाच्या घरी खिळे जुळवणारा निराळा कारागीर बसलेला असतो. हस्तलिखित एकच, पण प्रत्येकाची जुळणी थोडी वेगळी.

हा फरक केवळ शोभेचा असता तर त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जातील ‘सादर करा’ हे बटण एखाद्या जुन्या फोनवर पडद्याबाहेर गेले, तर मुदत टळते आणि त्या विद्यार्थ्याचा अर्ज राहून जातो. म्हणून हे भेद कसे उत्पन्न होतात व त्यांवर उपाय कोणता, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

भेदांचा उगम

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० साली जिनीव्हाजवळील ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेत तयार केला. १९९४ साली नेटस्केपचा व १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर आला आणि दोघांत चढाओढ सुरू झाली. मानके ठरविण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली होती. तथापि मानकाची वाट न पाहता दोन्ही कंपन्या आपापल्या नव्या आज्ञा प्रचारात आणीत राहिल्या.

मानक ठरल्यावरही अर्थभेद उरतो. पृष्ठाचे रूप ठरविणाऱ्या सीएसएस ह्या भाषेचे पहिले मानक डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. समजा, एका चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल सांगितली, आत दोन्ही बाजूंस २० पिक्सेल मोकळी जागा ठेवली आणि ५ पिक्सेल जाडीची किनार दिली. मानकानुसार ३०० ही आतील मजकुराची रुंदी. म्हणून चौकट एकूण ३५० पिक्सेल जागा व्यापते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती मात्र ३०० हीच एकूण रुंदी मानीत असे. परिणामी तिच्यात ६०० पिक्सेलच्या जागेत शेजारी शेजारी बसलेल्या दोन चौकटींना मानक पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये ७०० पिक्सेल लागत आणि दुसरी चौकट खाली घसरे. पुढे सीएसएसमध्ये ह्या दोहोंपैकी कोणती मोजणी हवी ते सांगण्याची सोय झाली.

नाव की क्षमता?

पृष्ठ मागताना ब्राउझर आपले नावही कळवितो. तेव्हा नाव पाहून निरनिराळी पृष्ठे पाठविण्याचा उपाय पुष्कळांनी योजिला. नेटस्केपचा ब्राउझर ‘मोझिला’ ह्या नावाने ओळख देई. काही ठिकाणी सुधारित पृष्ठे त्यालाच मिळत. मग इंटरनेट एक्सप्लोररही आपल्या ओळखीत ‘मोझिला’ हा शब्द घालू लागला. आज क्रोम, सफारी, एज आणि फायरफॉक्स ह्या सर्वांची ओळख त्याच शब्दाने सुरू होते! शिवाय उद्या येणाऱ्या ब्राउझरचे नाव कोणत्याच यादीत नसते.

ह्याहून चांगली पद्धत म्हणजे क्षमता विचारणे. उदाहरणार्थ, जवळचे ग्रंथालय दाखविणाऱ्या पृष्ठाने प्रथम पाहावे, की ह्या ब्राउझरला स्थान सांगण्याची सोय आहे काय? असल्यास आणि वाचकाने अनुमती दिल्यास ती वापरावी; नसल्यास गावाचे नाव लिहिण्यासाठी चौकट असावीच.

येथे वेबच्या तीन भाषांचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. मजकुराची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलमध्ये अनोळखी खूण आली, तर ब्राउझर ती ओलांडून आतील मजकूर दाखवितो. सीएसएसमधील न समजलेली आज्ञा तो सोडून देतो. पृष्ठाला क्रिया करावयास लावणारी जावास्क्रिप्ट मात्र इतकी उदार नाही. तिच्यात व्याकरणाचा एक अनोळखी प्रयोग आला तरी ती संपूर्ण आज्ञावली चालत नाही. म्हणून अर्ज भरणे व पाठविणे ह्या मूळ गोष्टी एचटीएमएलवर उभ्या कराव्यात, त्यांना सीएसएसने रूप द्यावे आणि जावास्क्रिप्टने सोयी वाढवाव्यात. वरचा मजला ढासळला तरी पाया वापरता येतो.

यंत्रांतील भेद

२००७ साली आलेल्या आयफोनचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता; परंतु संगणकासाठी केलेली पृष्ठे मावावीत म्हणून त्याचा ब्राउझर ती ९८० पिक्सेल रुंद समजून रची आणि मग लहान करून दाखवी. अक्षरे वाचता येत नसत. ह्यावर ‘व्ह्यूपोर्ट’ ही आज्ञा आली. तिच्यायोगे पडद्याची खरी रुंदी धरून पृष्ठ रचता येते. २०१० साली ईथन मार्कोट ह्यांनी टक्क्यांत मोजलेले रकाने, जागेनुसार आकुंचन पावणारी चित्रे आणि रुंदी पाहून बदलणारे नियम ह्यांची सांगड घातली. आज ही पद्धत सर्वत्र रूढ आहे.

बोट हे माउसइतके नेमके नसते. म्हणून सुगम्यतेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, काही अपवाद वगळता, बटणाला किमान २४ × २४ पिक्सेल जागा सांगितली आहे.

देवनागरीपुरताही एक भेद आहे. मराठीतील ‘ल’ व ‘श’ ह्यांची वळणे हिंदीहून निराळी असली तरी युनिकोडमध्ये त्यांचे संकेतांक एकच आहेत. पृष्ठाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नोंदविले आणि टंकात ती वळणे असली, तर ती उमटतात. एरवी टंकाची जी मूळ वळणे असतील ती दिसतात. वळण बदलले तरी शब्द वाचता येतो. सर्व पडद्यांवर पृष्ठ तंतोतंत सारखे दिसावे हा आग्रह व्यर्थ आहे. वाचकाचे काम सर्वत्र पुरे व्हावे, हीच खरी कसोटी होय.

स्वतः करून पाहा

१. संगणकावर एखादे पृष्ठ उघडून खिडकी हळूहळू अरुंद करा. कोणता भाग खाली सरकतो? कोणता दिसेनासा होतो?
२. अक्षरे दुप्पट मोठी करा. ओळी एकमेकींवर चढतात काय?
३. माउस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीच्या साहाय्याने अर्जातील प्रत्येक चौकटीपर्यंत पोहोचता येते काय, ते पाहा.
४. तेच पृष्ठ क्रोम, फायरफॉक्स आणि शक्य असल्यास सफारी ह्यांत उघडा. ह्या तिघांची पृष्ठ रचणारी अंतर्गत यंत्रणा भिन्न आहे. आढळलेले फरक वहीत नोंदवा आणि त्यांपैकी कोणत्या फरकामुळे वाचकाचे काम अडेल, ते ठरवा.