शीतगृहात गोडी पिकत नाही

चि. भाचेबुवांस,


तुझा बेत ताईकडून कळला. भाव पडलाय म्हणून खरबूज आठवडाभर आधी, कडक असतानाच तोडायचं, महिनाभर कोल्ड स्टोरेजला लावायचं आणि भाव चढला की काढायचं. हा हिशेब कांद्याचा झाला. कांदा चाळीत थांबतो, बेदाणा शीतगृहात थांबतो. खरबूज तितकं थांबत नाही.

आधी गोडीचं बघ. हिरव्या केळ्यात पिष्ट असतं, म्हणून ते घड कापल्यावरही गोड होतं. खरबुजाच्या गरात असा साठा जवळजवळ नसतोच. पानांनी केलेली साखर देठावाटे येते आणि देठ तुटला की ती आवक बंद. पुढे फळ मऊ होईल, वास सुटेल, साल पिवळसर होईल, पण ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, चढणार नाही. उलट फळ श्वास घेतं आणि त्यात साठवलेली साखर थोडी थोडी खर्च होते. पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्यासारखी त्याची गत. माझ्याकडे बघितलंस की कळेल. थंडी हा खर्च आवरते, शिलकीत भर घालत नाही.

म्हणून गोडी रानातच मोजायची. दोन-चार फळं कापून रिफ्रॅक्टोमीटरवर बघ. दहाच्या खाली ब्रिक्स असेल तर तोडणीला हात घालू नको. जाळीदार खरबूज पक्व होऊ लागलं की देठाच्या बुडाशी बारीक चीर पडते. ती अर्ध्याहून पुढे गेलेलं, पण आपोआप न सुटणारं फळ साठवणीला घे. पूर्ण सुटलेलं जवळच्याच बाजारात वीक. कोवळ्या फळाला तर थंडीही जास्त बाधते. म्हणजे लवकर तोडून तुझं दोन्हीकडून नुकसान.

तोडणी पहाटे कर आणि क्रेट उन्हात राहू देऊ नको. द्राक्षवाल्यांकडचं प्रीकूलिंग मिळालं तर उत्तम. तापलेलं फळ तसंच थंड खोलीत गेलं की सालीवर घाम धरतो आणि खरबुजाच्या जाळीत ओल लपून राहते. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया हा जिवाणू पसरला आणि ३३ माणसं दगावली. तपासात पॅकहाउसातली अस्वच्छता तर निघालीच. शिवाय फळं आधी न निववता शीतगृहात ठेवल्यानं ओल धरून जिवाणूला वाव मिळाला असावा, असंही नोंदलं गेलं. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो. तेव्हा क्रेट धुतलेले हवेत, आणि थंडीत ठेवलं म्हणजे माल शुद्ध झाला असं समजू नको.

जाळीदार खरबुजाला २ ते ५ अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. एवढं जमवलं तर दोन आठवडे, फार तर तीन. पुढे गर लिबलिबीत होतो, वास उतरतो आणि देठाच्या खळगीत बुरशी धरते.

त्याच खोलीत कलिंगड मात्र घालू नको. ही चूक मी करून बसलोय. बेदाण्याच्या शीतगृहात जागा रिकामी होती, चार अंशावर गाडीभर कलिंगडं लावली. दहा दिवसांनी बाहेर काढली तेव्हा माल तुकतुकीत होता, मी खूश. बाजारात दुसऱ्या दिवशी सालीवर खड्डे पडले, गराची चव गेली. अडत्याची पट्टी आली ती गाडीभाड्यालाही पुरली नाही. थंडीची इजा थंडीत दिसत नाही, फळ उबेला आलं की उघडी पडते. कलिंगडाला १० ते १५ अंश पुरे. साध्या खोलीत, एकवीस अंशाच्या आसपास, तोडल्यावरही त्याच्या गराचा लाल रंग थोडा वाढतो, हे प्रयोगांत दिसलंय; पाच अंशाला ती वाढ मिळत नाही. शिवाय पिकतं खरबूज इथिलीन सोडतं आणि त्यानं शेजारचं कलिंगड पाणचट होतं. दोघांना शेजार नको.

आता काय करशील? चीर बघून तोड. निम्मा माल आहे त्या भावाला घाल, निम्मा दहा-बारा दिवस ठेव. महिन्याची आशा सोड. विकायला काढण्याआधी चार फळं दोन दिवस बाहेर ठेवून काप. गिऱ्हाइकाच्या घरी ती कशी निघणार, हे तुला आधी कळेल.

आणि पुढच्या साली सगळं रान एकदम लावू नको. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तीन तुकडे कर. बाजारासाठी थांबायचं ते लावणीच्या वेळी, म्हणजे वेलीवरच्या फळाला घाई होत नाही आणि त्याचं भाडंही पडत नाही.

पहिल्या तोडणीची फोड ताईला दे. ती काय म्हणाली, ते कळव.

तुझा,
मामा